वाव्हळे मॅडम खाली बघत नाहीत

वाव्हळे मॅडम चालताना खाली बघत नसत. एखाद्या बँकेत किंवा शाळेत हे खपून गेलं असतं, पण आमचा होता जनावरांचा दवाखाना. आवारात शिरायचं तर नजर आधी जमिनीवर आणि मग माणसावर, हा तिथला रिवाज. मॅडमचं उलटं. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या तोंडाकडे बघत, हातवारे करत फाटकातून सरळ चालत यायच्या आणि वाटेतलं एकही शेण न चुकवता पायऱ्यांशी पोचायच्या. मग मागे वळून आपल्याच पावलांचे ठसे बघायच्या आणि म्हणायच्या, "चंद्रकलाबाई, पाणी द्या बरं." आवाजात लाज वगैरे काही नाही. जणू आपण पाय धुवायलाच दवाखान्यात आलो.

दवाखाना सोनपेठहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. समोर रस्ता, मागे ऊस, आणि उसाच्या पलीकडे गंगा. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी तिथं पशुधन पर्यवेक्षक होतो. मॅडम गंगाखेडला राहायच्या आणि रोज एसटीनं यायच्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट बुचडा, साडीवर चढवलेला ॲप्रन. ॲप्रनच्या एका खिशात थर्मामीटर आणि दुसऱ्या खिशात भुईमुगाच्या शेंगा. शेंगा स्वतः खायच्या, आम्हाला द्यायच्या आणि दाराशी बांधलेल्या शेळ्यांनाही द्यायच्या. बदलून आल्या तेव्हा नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. आम्हाला वाटलं, ही बाई इथं खुर्चीत बसून शेंगा खाईल आणि घरी जाईल.

पहिले काही दिवस आमचा अंदाज अगदी बरोबर ठरला. नवा डॉक्टर आला की आधी टेबलाची जागा बदलतो आणि मग वेळेवर येण्यावर भाषण देतो, हे आम्हाला पाठ होतं. मॅडमनी टेबल हलवलं नाही. खुर्ची मात्र लिंबाखाली नेली. आलेलं जनावर तपासायचं, सुई द्यायची आणि परत लिंबाखाली. तिथून आमच्याकडे बघत शेंगा फोडत बसायच्या. चंद्रकलाबाई मला म्हणाल्या, "कदम सर, ही बाई जनावरं तपासायला आलीय का आपल्याला?"

आम्ही होतो चौघं. चंद्रकलाबाई झाडलोट करायच्या. त्यांचा आवाज असा, की दवाखान्यात कुजबुजल्या तरी रस्त्यावरचा सायकलवाला मागे बघायचा. रहीमभाई ड्रेसर, म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं त्यांच्याकडे. हात सोन्याचा, पण कामाची गती अशी की एका बैलाची पट्टी होईपर्यंत दुसऱ्या बैलाची जखम आपोआप भरत यावी. तिसरा मी, बोलण्यात तरबेज. निदान माझी तशी समजूत होती. आणि चौथे परिचर सोपानराव.

सोपानरावांचं काम जनावर धरायचं. एकेकाळी त्यांच्यासारखा धरणारा तालुक्यात नव्हता म्हणतात. मग एकदा एका खोंडानं त्यांना खोड्यापाशी, म्हणजे जनावर अडकवून तपासायच्या चौकटीपाशी, छातीवर लाथ मारली. बरगड्या जुळल्या, पण आतलं काहीतरी जुळलं नाही. शिंगं दिसली की त्यांचे हात लटलटायचे. म्हशीचा कासरा धरायला सांगितला की कपाळ घामानं भिजायचं. आधीच्या डॉक्टरांनी वर्षभर वाट पाहिली आणि जिल्ह्याला कळवून टाकलं, हा माणूस कामाचा राहिला नाही. जिल्ह्यानं सांगितलं, नव्या डॉक्टरांनी सहा महिने बघावं आणि आपलं मत द्यावं. मत वाईट आलं तर सोपानराव मुदतीआधीच घरी. मुलगी नांदेडला नर्सिंगला शिकत होती, तिचं शिक्षण अर्ध्यावर होतं. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सोपानराव कुणाशी त्यावर बोलत नसत. नुसते भिंतीच्या कोपऱ्याला उभे राहायचे.

आधीच्या डॉक्टरांचं एक लाडकं वाक्य होतं, पाची बोटं सारखी नसतात. म्हणायचे आमच्याकडे बघून, आणि त्याचा अर्थ एवढाच की तुमच्यातलं एकही धड नाही. मॅडमच्या कानावर हे मीच घातलं. त्यांनी तोंडातला दाणा चावून संपवला आणि म्हणाल्या, "बरंय की. सारखी असती तर घास उचलला असता का तुमी?"

मग एका दुपारी आम्हाला लिंबाखाली बोलावून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कोणतं काम करताना तुमचं घड्याळाकडं ध्यान जात न्हाई?"

मी लगेच म्हणालो, भाषण. चंद्रकलाबाई म्हणाल्या, "खरं सांगू का मॅडमबाई? भांडण." रहीमभाईंनी विचार करायला मुदत मागितली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन सांगितलं, "गाठ. दोरीची गाठ मारायला मला लय बरं वाटतं, मॅडम." सोपानराव बुटाच्या टोकानं माती उकरत राहिले. मॅडमनी त्यांना परत विचारलं नाही. शेंगा मात्र मूठभर दिल्या.

त्यांचा एक हिशोब होता, तो हळूहळू आमच्या लक्षात आला. त्यांच्या मते दवाखाना म्हणजे एक अंग. कुणी त्याचा हात, कुणी पाय, कुणी तोंड, कुणी कान, कुणी डोळा. एका माणसात सगळं शोधत बसलं की सगळंच अर्धं सापडतं. आणि माणसाचा ऐब म्हणजे उलटा घातलेला सदरा, असं त्या म्हणायच्या. "फेकायचा न्हाई. काढायचा, उलटवायचा, परत घालायचा. बसतो अंगाला."

पहिला सदरा उलटवला तो चंद्रकलाबाईंचा. शेळ्यामेंढ्यांच्या लसीकरणाचे दिवस होते आणि गावात आवई उठली होती की लसीनं गाभण शेळ्या गाभडतात. मी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून भाषण दिलं. चांगलं वीसेक मिनिटांचं, रोगाच्या लक्षणांपासून शासनाच्या धोरणापर्यंत सगळं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक शेळी आली, तीही चुकून. मालक तिला बाजाराला नेत होता आणि ती आमच्याकडची शेंगांची टरफलं बघून आत शिरली होती.

मॅडम मला म्हणाल्या, "भाषण झ्याक झालं कदम. मी समदं ऐकलं. शेळी कुणाची असते?"

"मालकाची."

"घरातल्या बाईची असते. आन् बाई सकाळी भोंगा ऐकत बसत न्हाई, भाकरी थापती."

त्यांनी चंद्रकलाबाईंच्या हातातला झाडू काढून घेतला आणि त्यांना गावात पाठवलं. चंद्रकलाबाईंनी काही समजावलंबिमजावलं नाही. त्या दारोदार भांडल्या. "मागल्या साली तुझ्या किती मेल्या गं? आन् तवा कोणती लस दिली व्हती? बिनलसीच्याच मेल्या ना? मग आता कामून गप बसलीस, बोल की." हे सगळं अशा आवाजात, की एका दारातलं भांडण आळीभर ऐकू जावं. त्यामुळे प्रत्येक दारी नव्यानं भांडायची गरजही पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यापुढे शेळ्यांची आणि बायकांची ही गर्दी. मॅडम फाटकातून आल्या, चंद्रकलाबाईंकडे बघत आणि हसत, आणि लेंड्यांच्या राशीतून सरळ चालत गेल्या. त्यांचं हसणं मोठं होतं. खोड्यातली म्हैस कान टवकारायची.

माझं भाषण असं वाया गेल्यावर मी दोन दिवस फुगून बसलो होतो. मॅडमनी मला बाकावर बसवलं, जनावरांच्या मालकांमध्ये. म्हणाल्या, "तुमी बोलता चांगलं. पर ऐकता त्याच्याहून चांगलं. परवा एक म्हातारी तुमच्याशी तासभर बोलत व्हती, तुमी एकदाबी जांभई दिली न्हाई." हे मला कुणी आयुष्यात सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी दवाखान्याचा कान झालो. बैल कशानं आजारी पडला हे बैलाच्या पोटावर हात ठेवण्याआधी मालकाच्या गोष्टीत सापडतं, गोष्ट शेवटपर्यंत ऐकली तर. मॅडम आत जनावर तपासत आणि मला हाक मारत, "कदम, काय मनतेत हे?" मी सांगायचो, काल लग्नातलं उरलेलं अन्न खाऊ घातलंय. मालकाच्या बोलण्यात ते फार शेवटी आलेलं असायचं.

मॅडमची आणखी एक रीत सांगतो. त्या कधी नुसतं शाब्बास म्हणत नसत. काय चांगलं झालं तेवढं सांगायच्या. "रहीमभाई, तुमी पट्टी सुटायची बाजू बैलाच्या जिभंपासून लांब ठेवली. म्हणून टिकली." रहीमभाई त्यानंतर आठवडाभर प्रत्येक बैलाच्या जिभेचा अंदाज घेत हिंडायचे. आणि स्वतःला काय येत नाही हेही त्या तितक्याच सहज सांगत. त्यांना गाठ मारता यायची नाही. इतकी वर्षं जनावरांत काढलेली डॉक्टर, पण दोरी हातात घेतली की ती कुठूनतरी सुटायचीच. एकदा एक म्हैस अडली. मॅडम कोपरापर्यंत हात घालून वासराचे पाय शोधत होत्या, दोरी पायाला अडकवायची होती. मालकाच्या देखत, गोठ्यात जमलेल्या पाचपंचवीस माणसांच्या देखत त्या म्हणाल्या, "रहीमभाई, गाठ तुमची. मी मारली तर वासरू आतच राहील." रहीमभाईंनी अत्तराच्या बाटलीचं बूच लावावं तशी सावकाश गाठ मारली. वासरू सुखरूप आलं. मालकानं दोघांच्याही हातात नारळ दिला.

आता सोपानराव. मॅडम लिंबाखाली बसून बघत होत्या ते बहुतेक त्यांच्याकडेच. खोड्यात जनावर आलं की सोपानराव भिंतीच्या कोपऱ्याला असायचे, पण एका जागी उभे नसायचे. मधेच दोन पावलं मागे सरकायचे, मधेच डाव्या अंगाला जायचे. आम्ही म्हणायचो, भेदरलाय बिचारा. मॅडमना दुसरंच दिसलं. सोपानराव सरकले की थोड्या वेळानं जनावर लाथ मारायचं. आणि मारायचं ते ज्या बाजूनं ते सरकले होते त्याच बाजूला.

एका सकाळी मॅडमनी बसल्या जागेवरून हाक मारली. "सोपानराव, ही गाय मारंल का?"

सोपानराव दचकले. "न्हाई मॅडम. ही न्हाई मारायची."

"मग तुमी मागं कामून सरकलात?"

"ते मागचं... ते पांढरं वासरू. ते मारंल."

पांढरं वासरू लहानसं, बाहेर खुंट्याला बांधलेलं, मालकाची पोरं त्याच्या गळ्यात पडत होती. मालक हसला. तेवढ्यात रहीमभाई पाण्याची बादली घेऊन वासराच्या मागून गेले आणि एका लाथेत बादली पार रस्त्यावर जाऊन पडली.

मॅडम खुर्चीतून उठल्या. "सोपानराव, हे तुमी इतके दिवस कुणाला सांगितलं कामून न्हाई?"

"कुणी इचारलं न्हाई मॅडम. आन् सांगितलं तर मनतेत भेकडा हाय."

"भेकडच हायात तुमी," मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर तुमाला आधी दिसतं. आमी समदे कामात मान घालून असतो. आमाला लाथ बसल्यावर कळतं."

त्या दिवसापासून सोपानराव दवाखान्याचा डोळा झाले. ते कासरा धरत नसत. चार पावलं लांब उभे राहून सांगायचे. "थांबा." "उजव्या अंगानं या." "ह्याला पाणी पाजा, मग घ्या." कासरा मी धरायला लागलो, मालक धरायला लागले, आणि गंमत म्हणजे धरणं सोपं झालं. मी एकदा मॅडमना म्हणालो, त्यांची भीती काढायचा काही उपाय बघायला पाहिजे. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोडा उपटून विकायला काढलाय. "काढून कुठं ठेवता? ती आपल्या कामाला लागलीय."

पण सगळंच गोडगोड चाललं असं नाही. हात, पाय, कान, डोळा यांची आम्हाला एवढी चटक लागली, की मधेच आमचा दवाखाना पार बिघडला. चंद्रकलाबाई गावोगाव लसीचं सांगायला जाऊ लागल्या आणि झाडणारं कुणी उरलं नाही. मी रहीमभाईंना म्हणालो, हाताचं काम आहे. रहीमभाई म्हणाले, "मेरा हात गाठीचा हाय कदम, झाडूचा न्हाई." सोपानरावांनी तर शेण किती साठलंय ते लांबून बघून सांगितलं. माझं म्हणणं होतं की मी कान आहे, कानानं कधी झाडलंय? अशानं आवाराची अशी दशा झाली, की मॅडमच काय, खाली बघून चालणाराही पाय वाचवू शकला नसता.

मॅडमनी बघितलं, पदर खोचला आणि झाडू उचलला. झाडता त्यांना अजिबात येत नव्हतं. इकडचं शेण तिकडे आणि तिकडचं साडीला. आम्ही धावलो तर हातानंच थांबवलं. सगळं आवार झाडून, म्हणजे सगळीकडे सारखं पसरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "झाडू कुणा एकाचा नसतो. झाडू पाळीचा असतो. आज माझी पाळी झाली. उद्या कान झाडंल, परवा हात." मग बसल्या आणि मनापासून हसल्या. चंद्रकलाबाई गावातून परत आल्या, त्यांनी आवाराकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मॅडमबाई, तुमची पाळी मी करत जाईन. पर पुन्हा झाडू नका माय."

सहा महिने सरत आले तसे सोपानराव पुन्हा गप्प झाले. मॅडमनी आपलं मत चांगलंच कळवलं होतं. पण जिल्ह्याच्या साहेबांना ते पटलं नव्हतं. परिचरानं जनावर धरायचं असतं, लांब उभं राहून सांगायला काय, कुणीही सांगेल, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः बघायला येणार होते. गंगेकाठच्या एका शेतात खतासाठी मेंढरं बसवलेली होती, तिथं लस द्यायला आम्ही जाणार होतो, त्याच दिवशी. आदल्या दिवशी सोपानराव मला म्हणाले, "कदम सर, मी उद्या एखादं मेंढरू धरून दाखवू का?" मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नुसत्या बोलण्यानंच ते लटलटत होते. मला फार वाईट वाटलं.

सकाळी ऊन वर यायच्या आत आम्ही कामाला लागलो. रहीमभाईंनी मेंढपाळाच्या जाळीचं कुंपण गाठी मारून असं बांधलं होतं, की मेंढरं एकेक करून तोंडाशी यावीत. मेंढपाळ आणि मी धरत होतो, मॅडम सुई देत होत्या, चंद्रकलाबाई सुई झालेल्या मेंढीच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढत होत्या आणि मेंढ्यांना दरडावत होत्या. सोपानराव बांधावर उभे. हातात काठी, डोळे कळपावर.

साहेबांची जीप आली. उंच, गंभीर माणूस, इस्त्रीचे कपडे. त्यांनी बांधाकडे पाहिलं. "हेच का ते?"

"हेच," मॅडम म्हणाल्या.

"काय करताहेत?"

"काम करायलेत."

"मला तर नुसते उभे दिसतात."

"साहेब, तुमीबी उभेच हायात," मॅडम हसत म्हणाल्या. साहेब जवळून बघायला म्हणून कळपातून चालत आमच्याकडे आले.

आता परका माणूस मेंढरात शिरला की मेंढरं फुटतात, चहूकडे पळतात. साहेब चालत आले आणि मेंढरं फुटली नाहीत. नुसती वाट देऊन पुन्हा मिटली. ते पाय फाकवून, गुडघ्यानं मेंढरं हलकेच बाजूला सारत येत होते. मॅडमची सुई हातात तशीच राहिली.

"साहेब, घरी मेंढरं व्हती?"

साहेब थांबले. "होती. वडिलांची. लहानपणी फिरलोय कळपामागं."

"मग बाह्या सारा वर. आमच्यात धरणारा कमी हाय."

त्यांनी आधी हातातलं घड्याळ पाहिलं, मग जीपकडे पाहिलं, आणि मग खरोखरच बाह्या वर सारल्या. पहिली मेंढी त्यांनी जरा चाचपडत धरली. दुसरी झपकन. पाचव्यासहाव्या मेंढीला तर ते मेंढपाळालाच सांगायला लागले, असं नाही, हनुवटीखाली हात घाल. शर्ट मळला. कपाळावर रंगाचा फराटा आला, तो चंद्रकलाबाईंनी मुद्दाम ओढला की चुकून, ते अजून कळलेलं नाही. ड्रायव्हर दोनदा येऊन म्हणाला, साहेब, फोन आहे. साहेब म्हणाले, नंतर. मला हसू आवरेना. मॅडमनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. घड्याळ विसरलेला आणखी एक माणूस त्यांना सापडला होता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हाची गोष्ट. साहेब वाकून एक अवखळ मेंढी गुडघ्यात दाबत होते. आम्ही सगळेच खाली माना घालून होतो. एकदम सोपानरावांचा आवाज आला, कधी नव्हे एवढा मोठा. "सायेब, बसा! हाय तिथंच बसा!"

साहेबांनी का, कशाला, काही विचारलं नाही. मेंढीला कवटाळून मटकन खाली बसले. त्यांच्या डोक्यावरून एक काळा एडका उडाला, थांबता न आल्यानं तसाच पुढे गेला आणि जीपच्या दारावर धाडकन आदळला. दाराला हा एवढा पोचा पडला. एडका जरा वेळ जागेवर डोलला, मग मान झटकून चरायला लागला.

पहिल्या हसल्या त्या मॅडम. मग साहेब, मातीत बसूनच, पोट धरून.

"तुम्हाला कसं कळलं हो?" त्यांनी सोपानरावांना विचारलं.

"सायेब, म्या सकाळधरनं त्याच्याकडंच बघायलोय," सोपानराव म्हणाले. त्यांचे हात लटलटत होते. "मला त्याची लय भीती वाटायलीय."

साहेब आमच्याबरोबरच बांधावर जेवले. भाकरी, ठेचा, कांदा. जेवताजेवता म्हणाले, "आमच्या वडिलांच्या कळपाबरोबर एक म्हातारा असायचा. त्याला पळता येत नव्हतं, काही नाही. टेकाडावर बसून नुसता बघायचा. लांडगा आला की सगळ्यात आधी त्याला दिसायचा. त्याला कुणी रिकामा म्हणत नव्हतं. मी कसा विसरलो कोण जाणे." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "यांना इथंच राहू द्या. मी बघतो काय लिहायचं ते. आणि ह्या दाराचं काय सांगायचं, तेही बघतो."

सोपानराव उठून गंगेकडे गेले. तोंड धुऊन आले, डोळे लाल होते. मॅडमनी खिशात हात घालून त्यांच्या पुढ्यात मूठभर शेंगा ठेवल्या आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "चला, अर्धा कळप राहिलाय."

त्यानंतर मॅडम आमच्यात होत्या तोवर सोपानरावांनी एक काम आपणहून घेतलं. संध्याकाळी मॅडमना एसटीवर सोडायचं. थांबा रस्त्याच्या पलीकडे होता आणि मॅडम रस्ताही तशाच ओलांडायच्या, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या तोंडाकडे बघत. एकदा मोटारसायकलवाला अगदी पदराला घासून गेला, तर त्या बोलणं न थांबवता म्हणाल्या, "कोण गेलं ते?" सोपानरावांना हे सोसेना. "मला गाड्यांची भीती वाटती मॅडम," म्हणाले आणि रोज दोन पावलं पुढे चालू लागले.

मॅडमची निवृत्ती आली ती ऐन हुरड्याच्या दिवसांत. निरोप आम्ही दवाखान्यामागच्या, ऊस तोडून मोकळ्या झालेल्या शेतातच दिला. साहेबही आले होते, त्याच जीपमधून. दार अजून तसंच होतं. आगटीत कणसं भाजली जात होती, चंद्रकलाबाई गरम कणसं हातावर चोळत होत्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवरून रहीमभाईंशी भांडत होत्या. भाषण कुणी करायचं यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी आज ऐकणार. हे ऐकून मॅडमनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी जपून ठेवलीय.

मग रहीमभाईंनी विचारलं, "मॅडम, सबको बताया, कुणाचं काय. तुमचं काय हो? तुमी दवाखान्याचं काय व्हता?"

आम्ही सगळे विचारात पडलो. चंद्रकलाबाई म्हणाल्या, "मॅडमबाईंला झाडता येईना, गाठ येईना, नीट चालताबी येईना." मॅडम एवढ्या हसल्या की हुरडा सांडला. "बगा," म्हणाल्या, "म्हणूनच तर मला तुमी समदे लागलात."

उन्हं उतरल्यावर आम्ही त्यांना एसटीवर सोडायला निघालो. साखर कारखाना चालू होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकाला दोन दोन ट्रॉल्या, गाणी मोठ्यानं लावलेली. सोपानराव माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "कदम सर, उद्यापून यांच्याकडं कोण बघंल?" ते पुढे गेले.

मॅडम चंद्रकलाबाईंचा हात धरून त्यांना काहीतरी सांगत होत्या, शेंगा वाळवायच्या कशा ते बहुतेक. सोपानराव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. समोरून ट्रॅक्टर येत होता. कासरा धरताना थरथरणारा हात त्यांनी वर केला, आणि तो थरथरत होताच. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला, मागचेही थांबले. मॅडम चंद्रकलाबाईंच्या तोंडाकडे बघत, बोलत बोलत, डावीउजवीकडे एकदाही न बघता रस्ता ओलांडून गेल्या.